मागितल्याशिवाय मदत नाही

बाबा गेल्यावर आई पुण्याचं घर बंद करून दिल्लीला, द्वारकामधल्या आमच्या फ्लॅटवर आली, ती कायमची म्हणूनच. माझी लेक तेव्हा साडेतीन वर्षांची. नुकतीच माँटेसरीत जायला लागली होती आणि तिच्यापेक्षा मलाच चेव चढला होता. शाळेत पालकांना एकच गोष्ट घोकून घोकून सांगायचे: मुलानं मागितल्याशिवाय मदत करायची नाही, हात पाठीमागे ठेवून उभं राहायचं.

मी स्वयंपाकघरातला खालचा कप्पा लेकीला दिला. छोटा जग, बोथट सुरी, पुसायचं फडकं. केळं ती स्वतः कापायची, सांडलेलं पुसायची, बुटांच्या पट्ट्यांशी दहा-दहा मिनिटं झटापट करायची. खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटायचा.

आईला मात्र नातीला भरवायचं असायचं. वरणभात मऊ कालवून ती ताट घेऊन बसायची. "आई, लुडबुड नको गं. तिचं तिला जेवू दे," मी म्हणायचे. एकदा ती केसांना तेल लावायला बसली, तर लेकच म्हणाली, "आजी, मैं खुद करूँगी." मी, अतिशहाणी, टाळ्या वाजवल्या. आईच्या बोटांना तेल तसंच राहिलं.

"बरं बाई, तुम्ही सगळ्या शहाण्या," आई हसून म्हणाली. मग दुपारभर बाल्कनीत बसून उतरणारी विमानं बघायला लागली. दोन महिन्यांनी म्हणाली, "मी जाते गं परत. इथे माझं काही काम नाही." मी थांबवलं नाही. तिला मोकळीक हवी असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. कसली डोंबलाची मोकळीक. पुढच्याच थंडीत ती पुण्यात, एकटी असताना गेली.

परवा मी तापानं फणफणले होते. लेक आता दहा वर्षांची आहे. तिनं उशाशी पाण्याचा जग भरून ठेवला, गोळी काढून ठेवली, खिचडी गरम करून आणली. कशात म्हणून कमी नव्हतं. "आई, काही लागलं तर सांग हं," म्हणाली आणि दार लोटून अभ्यासाला गेली.

ताटली मांडीवर घेऊन मी बसून राहिले. कुणीतरी एक घास भरवावा, एवढंच वाटत होतं. हाक मारली असती तर ती धावत आली असती. दोनदा तोंड उघडलं, पण मागता आलं नाही. आईनं तरी कुठे मागितलं होतं.