भैयासाहेबांचा नमुनेदार कान

देवासच्या बायपासवरच्या एका खासगी मेडिकल कॉलेजात भैयासाहेब टेंबे पहिल्यांदा गेले ते कानातला मळ काढून घ्यायला, आणि परत आले ते प्राध्यापक होऊन. निदान त्यांची समजूत तशी झाली.

घडलं ते असं. कान-नाक-घसा विभागाचे प्रमुख डॉक्टर तरुण व्यास यांनी मळ काढला, उजव्या कानात दिव्याची छोटी दुर्बीण घालून पाहिलं आणि ते खुर्चीतून अर्धे उठलेच. "अरे वा! क्या कान है! परदा देखो, मोती जैसा!" सरळ नळी, तुकतुकीत पडदा आणि त्यावर उजेडाचा त्रिकोण, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखा. डॉक्टरांनी शेजारच्या खोलीतले विद्यार्थी बोलावले. सगळ्यांनी रांगेने भैयासाहेबांच्या कानात डोकावून घेतलं. इतक्या लोकांनी इतक्या आदराने त्यांच्याकडे जन्मात पाहिलं नव्हतं. लग्नातसुद्धा पाहुण्यांचं लक्ष जिलबीकडेच होतं.

तेव्हापासून दर मंगळवारी ते कॉलेजात जाऊ लागले. कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेल्या माणसाला कुठेतरी जायचं असणं हेच मोठं. कानाला वारा लागू नये म्हणून ऐन उन्हाळ्यातही मफलर गुंडाळायचे. कोपऱ्यावर पोहे-शेव खाताना कुणी विचारलं, "भिया, सवेरे सवेरे किधर?" तर म्हणायचे, "कॉलेजात लेक्चर आहे."

"लेक्चर कसलं? कान पुढे करून बसता," पत्नी जानकीबाई म्हणायच्या.

"हलायचं नाही, शिंकायचं नाही, नवशिक्याने खुपसलं तरी ओरडायचं नाही. करून दाखवा!"

अशी काही वर्षं सुखात गेली आणि मग कॉलेजात व्हीआरचे चष्मे आले. चष्मा डोळ्यांवर चढवला की समोर आभासी रोगी, हातातली काठी म्हणजे दुर्बीण, आणि आत शिरलं की गुहेएवढा कान. त्या कानासाठी नमुना हवा होता, तो अर्थातच भैयासाहेबांचा उजवा कान. कंपनीची माणसं आली, त्यांनी कानाचे सर्व बाजूंनी फोटो घेतले. फोटोतले केस पुसून टाकले, उरलासुरला मळ पुसला आणि खाली पाटी लावली: 'नॉर्मल इयर'.

उद्घाटन थाटात झालं. नारळ फुटला, हार झाले. प्रमुख पाहुण्यांनी चष्मा लावला, कानाचा पडदा जवळून बघायला दोन्ही हात पुढे केले आणि समई पाडली. टाळ्या वाजल्या. मग भैयासाहेबांना त्यांचाच कान दाखवण्यात आला. ते गुलाबी बोगद्यात उभे राहिले. टोकाला पडदा चंद्रासारखा चमकत होता.

"कैसा लगा, काका?" डॉक्टर तरुणनी विचारलं.

"लख्ख ठेवलाय हो," भैयासाहेब म्हणाले. "घर इतकं स्वच्छ नसतं आमचं."

त्यावर डॉक्टरांनी त्यांना शाल घातली आणि सांगितलं की आता दर मंगळवारी त्रास घ्यायला नको. कान मशीनमध्ये आलाच आहे.

भैयासाहेब शाल घेऊन घरी आले आणि मंगळवारी कुठे जायचं ते त्यांना कळेना. कॉलेजात मात्र आनंदीआनंद होता. मशीन स्वतःच गुण द्यायचं, आणि सढळ हाताने द्यायचं. हर्षित नावाचा मुलगा तर इतका तरबेज झाला की एका हाताने कान तपासत दुसऱ्या हातातला मोबाईल चष्म्याच्या फटीतून बघायचा. मशीनमधला रोगी खोकत नसे, मान वळवत नसे, दुखलं म्हणत नसे. कान ताणून नळी सरळ करायची तर त्यासाठी बटण होतं.

परीक्षेला इंदूरहून बाहेरच्या परीक्षक आल्या. वयस्कर बाई. त्यांनी चष्म्यांची रांग पाहिली, कौतुक केलं आणि विचारलं, "पेशंट कहाँ है?"

धावाधाव झाली. गाडी पाठवून भैयासाहेबांना आणलं गेलं. मफलर सोडत, मान ताठ ठेवून ते स्टुलावर बसले.

पहिला हर्षित. त्याने रोगी सुरू करायचं बटण शोधल्यासारखे हात हवेत फिरवले, मग दुर्बीण सरळ कानात घातली. भैयासाहेब किंचाळले. हर्षित घाबरून मागे सरला. मशीन कधी किंचाळलं नव्हतं.

"क्या दिखा?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"नॉर्मल इयर, मॅडम."

"और पेशंट की हिस्ट्री?"

"मॅडम, मशीन में हिस्ट्री नहीं थी."

दुसरी वैभवी. धारची मुलगी, घरी मराठी पण शाळा सगळी हिंदीत. तिलाही मशीनमध्ये चांगले गुण पडत, पण आत्ताची किंकाळी तिने ऐकली होती. दुर्बीण उचलायचा धीर होईना, म्हणून वेळ काढायला ती भैयासाहेबांच्या उजव्या बाजूला उभी राहून हळूच म्हणाली, "काका, तुम्हाला जास्त दुखलं का?"

भैयासाहेब समोर बघत राहिले.

"काका, ह्या कानाने तुम्हाला सुनाई येतं ना?"

उत्तर नाही. ती डावीकडे गेली आणि तिने उजव्या कानाचं तेच पुन्हा विचारलं. भैयासाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी एकदा डॉक्टर तरुणकडे पाहिलं.

"त्या कानाने नाही येत," ते म्हणाले. "लहानपणी गालगुंड झालं होतं. तेव्हापासून ठार बंद आहे."

ज्या कानावर कॉलेजच्या साऱ्या मुलांनी निरोगी कान शिकला होता, जो 'नॉर्मल' म्हणून मशीनमध्ये बसवला होता, तो कान बहिरा होता. परीक्षकबाईंनी तपासून खात्री केली. पडदा खरोखर सुंदर होता. दोष त्याच्या पलीकडे, नसेत होता. तिथवर दुर्बीण पोचत नाही.

"काका, आपने बताया क्यों नहीं?" डॉक्टर तरुण चिडून म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही सगळे आत बघत होतात."

परीक्षेत वैभवी पास झाली. हर्षितही पास झाला, कारण पडदा नॉर्मल हे त्याचं उत्तर कागदावर बरोबरच होतं. कॉलेजने समिती नेमली. समितीने विचार करून असा निष्कर्ष काढला की मशीन निर्दोष आहे, कान दोषी आहे.

भैयासाहेब घरी आले. रात्री जेवले नाहीत. जानकीबाई नेहमीसारख्या त्यांच्या डाव्या हाताला येऊन बसल्या. त्यांना हे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं आणि त्यांनी आपली जागा कायमची ठरवून टाकली होती.

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"शाळेत मला बहिरोबा म्हणायचे," भैयासाहेब म्हणाले. "मास्तर मुद्दाम उजवीकडून हाक मारायचे, पोरं हसायची. त्याच कानाला जन्मात पहिल्यांदा कुणी मोती म्हणालं. मग मी कशाला सांगू?"

जानकीबाईंनी यावर चेष्टा केली नाही.

पुढच्या रविवारी वैभवी पत्ता शोधत घरी आली. परीक्षकबाईंनी जाता जाता डॉक्टरांना सांगितलं होतं म्हणे, की असा पेशंट सोडू नका. दिसायला सगळं ठीक आणि ऐकू शून्य, हे मुलांना मशीन कसं शिकवणार? डॉक्टर स्वतः यायला संकोचत होते, म्हणून त्यांनी तिला पाठवलं होतं.

"कॉलेजला सांग, आता मी नॉर्मल नाही," भैयासाहेब म्हणाले.

"म्हणून तर बुलावलंय, काका!"

जानकीबाईंना हसू फुटलं. भैयासाहेबांनी बराच आव आणला, चहा झाला, आणि मग त्यांनी अट घातली. जो कुणी कानात बघेल त्याने आधी समोर बसायचं, नाव विचारायचं आणि काय होतंय ते विचारायचं. उभ्याउभ्या दुर्बीण चालणार नाही.

मंगळवारी ते पुन्हा मफलर गुंडाळून गेले. पलीकडच्या हॉलमध्ये चष्मे लावलेली मुलं हवेत हात फिरवत होती. इकडे पहिला नंबर हर्षितचा. तो खुर्ची ओढून भैयासाहेबांच्या समोर बसला, दुर्बीण मांडीवर ठेवली आणि अवघडून म्हणाला, "भैयासाहेब काका, नमस्ते. क्या तकलीफ है?"

"ऐक," भैयासाहेब म्हणाले. "तेव्हा आम्ही छोट्या पांतीच्या, म्हणजे देवासच्या धाकट्या संस्थानाच्या, बाजूला राहत होतो. मी दुसरीत होतो..."

हर्षितने दोनदा दुर्बिणीकडे आणि एकदा दाराकडे पाहिलं. भैयासाहेब गालगुंडापर्यंत पोचायच्या आत तास संपला. त्या दिवशी कानात कुणीच पाहिलं नाही. डॉक्टर तरुण दारातूनच म्हणाले, "काका, बाकी अगले मंगल को," आणि भैयासाहेबांनी उठता उठता बजावलं, "याच मुलाला पाठवा. त्याला अर्धं माहीत आहे."