मागल्या दाराची आत्या

ये गं, अशी जवळ ये. उंबऱ्यावर काय उभी राहिलीस परक्यासारखी? आणि येते म्हणून निरोप कशाला धाडलास? निरोप आला की माणसं घर आवरतात, भांडणं कोनाड्यात ठेवतात, तोंडं गोड करतात. मग तुला काय दिसणार? आमची आत्या असती तर तिनं तुला चांगलंच झापलं असतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. कन्हेरीला आमच्याच घरात राहायची. तिचा एक नेम होता, कुणाच्याही घरी पुढल्या दारानं जायचं नाही. बारसं असो की तेरावं, ही गोठ्याकडून, शेणाच्या ढिगाला वळसा घालून थेट चुलीपाशी उगवायची. बायका दचकायच्या. गावानं तिचं नावच मागल्या दाराची आत्या ठेवलं. तिला त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायची, "पुढलं दार पावण्यांसाठी सारवत्यात. खरं काय ते मागं पडल्यालं असतं."

दुसरी खोड खडा टाकून बघायची. मनानं काहीतरी वाईट रचायचं, समोरच्याला तोंडावर सांगायचं आणि त्याचे डोळे बघायचे. एकदा दूधवालीला म्हणाली, "तुझ्या दुधाला कालव्याचा वास येतोय गं." ती बिचारी घाईनं बोलून गेली, "न्हाय वो आत्या, विहिरीचं हाय!" त्या दिवसापासून आमच्या घरी दूध दाट यायला लागलं.

सदतीस-अडतीस साल असेल. मी नऊ वर्षांची. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, निमगाव केतकीच्या खालच्या अंगाचं, नीरेकाठचं स्थळ आलं. पानमळा होता, घर भरलेलं, मुलगा कष्टाळू. वडील खूश. आत्या तेवढी भाकरी मोडत राहिली.

"काय गं, तुला पसंत न्हाय?" वडिलांनी विचारलं.

"लई चांगलं हाय. म्हणून तर बघून येती."

"मग उद्या गाडी जुंपतो."

"गाडी नको. गाडीच्या आधी वर्दी पोचती. नदीकाठानं चालत जाते आन् मागनं शिरते. सुंदीला संगं दे. पोरासोरांपुढं माणसं बेसावध बोलत्यात."

सुंदी म्हणजे मी. झुंजूमुंजू झालं तशा निघालो. तेव्हा नीरेच्या काठाला बाभळींचं रान होतं, मधे मधे करंज नि हिवर, आणि पाण्याकडेला माणूसभर लव्हाळा. वाट म्हणजे गुरांनी पाडलेली. आत्याच्या हातात खुरपं, कमरेला भाकरीचं गाठोडं. दर थोड्या वेळानं थांबायची, मागं बघायची, मला म्हणायची, "पाय वाजवू नगंस." एक धनगर भेटला. त्यानं सहज विचारलं, "कुठवर म्हातारे?" आत्या म्हणाली, "पाय नेतील तिथवर." पुढं गेल्यावर मला हळूच म्हणाली, "बघितलंस? शेळ्या सोडून आपल्याला मोजत हुता." मला तर प्रत्येक बाभळीमागं कुणीतरी उभं आहे असं वाटायला लागलं.

ऊन डोक्यावर आलं आणि आत्या एकाएकी खाली बसली. ओल्या वाळूत पावलं होती. "बाईमाणूस. एकटी. समोरनं आली, हितं थांबली, आपल्याला बघितलं आन् लव्हाळ्यात शिरली. बघ, ठशात अजून पाणी भरतंय." मग खुरपं उचलून ओरडली, "कोण हाय तितं? बाहीर ये!"

लव्हाळा हलला. आत्याच्याच वयाची एक बाई बाहेर आली. तिच्याही हातात विळा.

"तुमी कोण?" ती म्हणाली.

"आदी तुमी सांगा. दडून कशाला बसला?"

"दडते कशाला? लव्हाळा कापाया आले."

"मग कापल्याला कुठं हाय?"

"आत्ताच आले. आन् तुमी?"

"बहिणीकडं निघालो."

"कुठल्या गावाला?"

"हाय की, पुढं."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मला भूक लागली होती, मी रडायला लागले, तेव्हा कुठं दोघींनी हत्यारं खाली ठेवली आणि करंजाच्या सावलीत भाकरी सोडली. एकीनं चटणी दिली, दुसरीनं कांदा, पण गावाचं नाव कुणी सांगेना. आत्या त्या बाईच्या बोटांकडं बघत होती. पानाचे वेल लव्हाळ्यानं बांधतात. जन्मभर बांधून बांधून तिच्या बोटांच्या आतून काळ्या रेघा पडल्या होत्या. पानमळ्याची बाई! त्या घरची माहिती हिला असणारच. आत्यानं खडा टाकला.

"निमगावच्या खाली एक पानमळेवाले हायती. त्येंच्यात थोरली सून नांदली न्हाय म्हणं."

ही गोष्ट तिनं मनानं रचली होती. पण त्या बाईचा घास हातातच राहिला. मग म्हणाली, "खरं हाय. मीच तिची सासू."

मी न राहवून ओरडले, "म्हंजी तुमी आमच्या अक्काच्या..." आत्यानं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की अजून आठवतो. पण झालं ते झालं. लव्हाळा कापायला ना कुणी आलं होतं, ना आम्हांला कुठली बहीण होती. ती कन्हेरीला निघाली होती, आमचं घर मागल्या दारानं बघायला.

मला हसू आलं. आत्या हसली नाही. तिनं विचारलं, "का नांदली न्हाय?"

"मी लई राबवलं तिला. ती कधी हू की चू करायची न्हाय, आन् मला कळलंच न्हाय. एक दिवस उठून माहेरी गेली."

"मग? आणाया कोण गेलं का?"

"गेले की. मीच गेले. दोनदा आली न्हाय. तिसऱ्यांदा तिच्या आईच्या दारात बसून राह्यले. चूक माझी हाय म्हणाले. तवा आली. आता पोरगा हाय मांडीवर तिच्या. म्हणून ह्या खेपेला रूप बघाया निघाले न्हाय. पोरगी तोंड उघडती का, तेवढं बघायचं हुतं. मुकाट सोसणारी नको मला."

आत्या उठली. गाठोडं बांधलं, पदर झटकला. "मग एवढं चालू नगा, उन्हाचं. आमची अक्का माझं सुदीक ऐकून घेत न्हाय. घरला जावा, विहीणबाई."

निमगाव तिथून अजून बरंच लांब होतं, पण आत्या तिथूनच मागं फिरली. येताना तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही, आणि मी पाय वाजवले तरी काही बोलली नाही.

आणायला कोण गेलं का, हे तिनं का विचारलं, ते मला फार पुढं कळलं. आईनं सांगितलं. आत्या लग्नानंतर आठव्या महिन्यात माहेरी आली होती, खंगून. दोन दिवाळ्या ती आमच्या पुढल्या दारात बसून होती. आणायला कुणीच आलं नाही.

अक्काचं बरं झालं. सासूशी भांडली आणि नांदली. आत्या वर्षातून एकदा तिच्याकडं जायची आणि त्या एका घरात पुढल्या दारानं शिरायची. आत्या वारली तेव्हा आमच्या अंगणात माणसं बसली होती. विहीणबाई चालत आली ती गोठ्याकडून, शेणाच्या ढिगाला वळसा घालून, आणि थेट चुलीपाशी जाऊन बसली. आईनं तिच्याकडं बघितलं आणि मग दोघी रडल्या.

तर असं आहे. चहा घे, निवला बघ. आणि लौकर परत ये, महिना उलटू देऊ नको. निरोप धाडू नकोस. मागलं दार नुसतं लोटलेलं असतं.