दोन बोटांतलं कापड

मोठ्या आईला कापड बघावं लागत नसे. अंगठा आणि तर्जनीत चिमूटभर धरलं की ती नाव सांगायची: मांजरपाट, लठ्ठा, मलमल, पॉपलिन. माहेर कोष्ट्याचं, मागाशेजारीच रांगलेली.

मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. घाटनांदूरचं आमचं कापडदुकान काकांनी उभं केलं. ते गेल्यावर बाबा गादीवर बसले. बाबांना कापडातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण विधवा बाईनं गिऱ्हाइकासमोर यायचं नाही, ही घरची रीत. मग दुकान आणि माजघर यांच्यामध्ये पडदा लागला. अडलं की बाबा मागे न बघता ठाणाचं टोक पडद्याआड सरकवायचे. आतून आवाज यायचा, "मांजरपाट हाय भावजी. धुतलं की आकसतंय, हातभर जास्त द्या." अर्धं गाव त्या आवाजाच्या भरवशावर कपडे शिवायचं. गादीवर बसलेली मात्र तिला कुणी पाहिली नव्हती.

माणसंही ती कापडातच मोजायची. मी टेरीकॉट, "लई रडली तरी सुरकुती न्हाई." बाबा मांजरपाट. "आणि तू गं?" विचारलं तर म्हणायची, "मी अस्तर. असतंय, दिसत न्हाई." ती हसायची म्हणून मीही हसायचे. आता त्या हसण्याची लाज वाटते.

नव्वद सालानंतर कंपन्यांचं सूटिंग आलं, काठावर नाव छापलेलं. पाठोपाठ रेडिमेड पँटी. बाबांनी दुकान नवं करायला काढलं; पडद्याच्या जागी भिंत, भिंतीवर आरसा. गवंडी यायच्या आदल्या दिवशी मोठी आई म्हणाली, "भावजी, एकदा गादीवर बसू द्या. शटर लावून."

बाबा खाली बघत म्हणाले, "लोक काय म्हणतील, वहिनी?"

शटर लावल्यावर कुठले लोक, हे मी विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी गवंड्याचा चहा तिनंच केला आणि पडद्याआडून दिला.

भिंत वाळली. एका दुपारी एका म्हाताऱ्यानं ठाण चोळत विचारलं, "शेठ, हे आकसंल का?" बाबांनी सवयीनं, मागे न बघता, टोक मागे धरलं. हात आरशावर आपटला. मी बाहेरून वळसा घालून धावत आत गेले. मोठी आई भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मग सांगायचं की ओरडून!" मी चिडले.

तिनं पिठाची दोन बोटं एकमेकांवर चोळली. "भिंतीतून कापड हाताला लागत न्हाई, बाई."