चालकबाईंचा अर्ज

बावीस वर्षं बस चालवणाऱ्या बाईंनी घाट, धुकं, मध्येच आडवी येणारी गुरं, कशालाच भीक घातली नव्हती. पण पाळी गेली आणि साध्या शिंकेने त्यांना जेरीस आणलं. शिंकलं की कपडे ओले. त्यांनी पाणी पिणंच सोडलं, तरी तीन तासांच्या फेरीत जीव टांगणीला. शेवटी साहेबांकडे अर्ज दिला: गाडी नको, तिकीट खिडकीवर बसवा. कारण लिहिलं, 'घरगुती अडचण'. त्या दिवशी बाई घरी येऊन नणंदेला सगळं सांगत रडल्या.

नणंद तोंडाची फटकळ. "वहिनी, गाडीवर पाणी सोडाल, पण कुणाला दाखवणार नाही?" म्हणत तिने त्यांना फिजिओथेरपिस्टकडे ओढून नेलं. ती फिजिओथेरपिस्ट बाईंच्या लेकीच्या वयाची, पण बोलायला स्पष्ट. "लघवी अडवताना जे स्नायू वर ओढता ना, तेच ओढायचे. पाच मोजेपर्यंत धरा, मग पूर्ण सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पाळी गेल्यावर अंगाची लाही होते ती याने जाणार नाही, तिचा इलाज वेगळा. गळणं मात्र कमी होईल. तीन महिने धीर धरा."

वेळ वाचवायला बाईंनी व्यायाम स्टिअरिंगवरच सुरू केला, आणि हुशारी नडली. स्नायू आवळले की उजवा पाय आपसूक ब्रेकवर. "ताई, गाडीला उचकी लागलीय का आज?" कंडक्टरने विचारलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मांड्या, पोट, श्वास, सगळं सैल ठेवायचं," फिजिओथेरपिस्टने पुन्हा शिकवलं. "आणि चालत्या गाडीत अजिबात नाही." तेव्हापासून शेवटचा थांबा, इंजिन बंद, मगच व्यायाम. दोन महिने फरक शून्य. बाईंनी एकदा नाद सोडलाही, पण नणंदेने फोन करकरून पिच्छा पुरवला. तिसरा महिना सरता सरता घाटात लागोपाठ चार शिंका आल्या. बाई धसकल्या. काहीच झालं नव्हतं.

त्याच आठवड्यात साहेबांनी बोलावलं. खिडकीची जागा रिकामी झाली होती.

"अर्ज मागे घेते, साहेब."

"आणि ती घरगुती अडचण?"

बाईंनी दार लोटून घेतलं. "शिंकलं तरी लघवी व्हायची. एका फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या व्यायामाने आटोक्यात आलीय."

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "त्या फिजिओथेरपिस्टचा पत्ता लिहून द्या," ते हळू आवाजात म्हणाले. "आमची ही चार महिने घराबाहेर पडलेली नाही."