गालात लवंग धरणारा माणूस

“ये कार्ड तुम्हारा है क्या?” चेकिंगच्या मॅडमनी चिठ्ठी माझ्यापुढं धरली. आत माझी चिमी दाढ काढायला खुर्चीत बसलेली, सुईसुद्धा देऊन झालेली.

चिठ्ठीवरचा रेशनकार्डाचा नंबर माझा नव्हता. तो चिठ्ठ्या लिहिणाऱ्या माणसाच्या घरचा होता.

सरकारी दाताच्या दवाखान्यात खिडकीवर बसतो तो. स्वतःचीच दाढ दुखती, म्हणून कायम गालात लवंग. मान वर करत नाही, खिडकीतल्या हाताशीच बोलतो. तीनदा गेले, तीनदा त्यानं परत पाठवलं. “अम्मा, कार्ड नांदेडका है. फुकट इलाज इधरके कार्डपेच होता. रूल मेरे बावाका नै.” इकडं परराज्यात, चिक्कडपल्लीत राहून आम्हाला चार वर्षं झाली, पण कार्ड अजून गावाकडचंच.

आज चिमीचा गाल सुजून डोळा मिटला होता. मी तिला उचलून खिडकीत धरलं. त्यानं पहिल्यांदा मान वर केली. लवंग या गालातून त्या गालात नेली, खिशातून आपलं कार्ड काढलं आन् त्याचा नंबर लिहिला. “कोई पूछे तो हौ बोलना. जाव, जल्दी.”

आता मॅडम विचारत होत्या. तो खिडकीत मान खाली घालून बसला होता, फक्त लवंग चघळायचं थांबलं होतं.

“हौ,” मी म्हणाले.

“बच्चीकी कसम खाव.”

आतून चिमीनं “आई” म्हणून हाक मारली. मी शपथ घेतली. तुम्ही काय केलं असतं?