तत्त्वाच्या ताटांवरची लेबलं

बंगाली लग्नात दोन्ही घरं एकमेकांकडे सजवलेली ताटं पाठवतात. साड्या, मिठाया, साबण, अत्तरं, अगदी मोजेसुद्धा चकचकीत कागदात गुंडाळून, वर फिती बांधून. याला इथे ‘तत्त्व’ म्हणतात. इतकी वर्षं कोलकात्यात काढली, पण ज्यात तत्त्व औषधालाही सापडत नाही अशा प्रकाराला हे नाव कुणी दिलं, ते मला अजून कळलेलं नाही. चांगल्या रेशमी साडीचं फुलपाखरू करतात आणि मग ती नेसायची म्हटलं की नवरी टाचण्या शोधत बसते.

माझ्या मुलीचं लग्न तिच्या ऑफिसातल्या मुलाशी ठरलं, तो हावड्याचा. मुलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. त्याची आई शाळेत शिकवून निवृत्त झालेली, मोकळ्या स्वभावाची बाई. मी त्यांना आधीच सांगितलं होतं की आमच्याकडून ताटं येतील, पण साधी येतील. फराळाचे डबे, साड्या, नारळ. डब्यात चकली असेल तर उघडल्यावर चकली दिसेल. त्यांनी हसून मान डोलावली होती.

पण लग्नाआधी पुण्याहून माझी नणंद आली. ती माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, आणि येताना लॅपटॉप घेऊन आली. तिच्या सोसायटीत कुणाचं बारसं असो की साठीशांत, भेटवस्तूंवरची लेबलं तीच करते, असं तिने चहा संपायच्या आत सांगितलं. घरच्या घरी, स्वतः डिझाइन करून, स्वतः छापून. “वहिनी, आजकाल वस्तूपेक्षा प्रेझेंटेशनला महत्त्व आहे,” ती म्हणाली. मी म्हटलं, असेल. तिला वाटलं मी होकार दिला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या मुलीला घेऊन सियालदहच्या कागदबाजारात गेली आणि दोघी मागे चिकट असलेल्या कागदाचे गठ्ठे घेऊन परतल्या. नवऱ्याने पेन्शनच्या कागदांसाठी घेतलेला प्रिंटर जेवणाच्या टेबलावर आला, म्हणून आम्ही जेवायला जमिनीवर बसू लागलो. लॅपटॉपवर मोर होते, कमळं होती, सोनेरी वेलबुट्टीच्या चौकटी होत्या. छापल्यावर त्या सोनेरीचं जे झालं, ते मी मनापासून बघितलं. पडद्यावर सोनं आणि कागदावर मोहरीची कासुंदी. नणंदेने शाई बदलली, कागद उलटा घातला, प्रिंटरला दोष दिला, कोलकात्याच्या हवेला दोष दिला. शेवटी ती म्हणाली की हा अँटिक गोल्ड आहे, असाच हवा होता.

रंगापर्यंत एक वेळ ठीक होतं. पण लेबलावर मजकूरही असतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. चकलीवर तिने लिहिलं, ‘महाराष्ट्राचा खमंग वारसा’. करंजीवर, ‘चंद्रकोरीत दडलेला गोडवा’. मी स्वयंपाकघरात तळणीसमोर उभी, पाठ मोडलेली, आणि बाहेर ती मुलीला वाचून दाखवतेय की अनारसे म्हणजे ‘जाळीदार आठवणी’. आठवणींना जाळी पडली तर माणसाला डॉक्टरकडे नेतात. प्रत्येक लेबलाच्या तळाशी ‘आत्याकडून, सप्रेम’ असं वळणदार अक्षरात होतं. करंज्या माझ्या, अनारसे माझे आणि प्रेम आत्याचं.

मी मुलीकडे तक्रार केली. ती कागद कापत होती. ती म्हणाली, “आई, राहू दे ना. आत्याला बरं वाटतं, आणि तिकडे कोण मराठी वाचणार आहे?” हे मात्र खरं होतं. कुणी वाचणार नाही अशा मजकुरासाठी एवढा खटाटोप, हे मला आणखीच हास्यास्पद वाटलं.

कोकमाच्या सरबताच्या बाटल्या कोकणातून मागवल्या होत्या. त्यांच्यावरचं लेबल मुलीने स्वतः करायला घेतलं. मोर नाही, कमळ नाही, साधी लाल चौकट, आणि आत मराठीत लिहिलेलं, ‘कोकम सरबत. थंड पाण्यात मिसळून खावे.’

छापून आलेलं पान नणंदेने वाचलं आणि ती खुर्चीत मागे रेलून हसली. माझी मुलगी इथेच वाढली. बंगालीत पाणीही खातात आणि चहाही खातात, म्हणून लहानपणापासून ती ‘मी पाणी खाऊन येते’ असंच म्हणायची. आम्ही दोघं सुधारायचो, मग सुधारणं सुटलं, मग कानांना ते खटकेनासं झालं. मुलीला आपली चूक लगेच कळली. ती ओशाळून हसली आणि दुरुस्त करायला लॅपटॉप पुढे ओढू लागली.

तेवढ्यावर थांबली असती तर ती नणंद कसली? ती माझ्याकडे वळली. “वहिनी, मुलगी सासरी निघाली तरी अजून पाणी खाते. तुम्ही घरात मराठी बोलत होतात की नाही?”

मुलीने मान खाली घातली. नवरा वर्तमानपत्रात शिरला, बहिणीसमोर तो नेहमी तिथेच असतो. माझ्या डोळ्यांपुढे पुष्कळ काही येऊन गेलं. इथे पुस्तकं मिळत नव्हती म्हणून मी वहीच्या पानांवर बाराखडी लिहून तिला शिकवली होती. शाळेतून आल्यावर ती बंगालीत बोलायची आणि मी हट्टाने मराठीत उत्तर द्यायचे. सुट्टीत पुण्याला नेलं की याच आत्याकडची मुलं तिच्या बोलण्याची नक्कल करायची, आणि आत्या कौतुकाने त्यांना आणखी करून दाखवायला सांगायची. मी मुलीच्या हातून ते लेबलांचं पान घेतलं आणि म्हणाले, “ताई, बाटल्यांवर हेच लागेल. असंच.”

“अहो, पण ते चूक आहे.”

“मला माहीत आहे,” मी म्हटलं, आणि स्वतःच्या हाताने एकेक लेबल सोलून बाटल्यांवर चिकटवलं. ज्या गोष्टीची आठवडाभर टवाळी केली, तीच मी ओळीत, सरळ रेषेत लावत बसले. नणंद त्या दिवशी माझ्याशी फारशी बोलली नाही. ती विश्रांती मला हवीच होती.

लग्नाच्या सकाळी हावड्याहून त्यांचं तत्त्व आलं. त्यात लाल साडी नेसवलेला, नथ घातलेला भलामोठा रोहू मासा होता. आमचं घर शाकाहारी. मुलगी मात्र बाहेर सगळं खाते. नणंद नाकाला पदर लावून गॅलरीत गेली ती तो मासा शेजारणीकडे रवाना होईपर्यंत आत आली नाही. त्या माशावर एकही लेबल नव्हतं. मासा आहे हे सगळ्यांना समजलं होतं.

मुलगी सासरी गेल्यावर आमची ताटं घेऊन जायची पाळी आली. नव्या सुनेच्या हातचं पहिलं वाढणं असतं त्या दिवशी आम्ही गाड्या भरून हावड्याचा पूल ओलांडला. तेलकट डब्यांवर कागद धरला नव्हता. रस्त्यातच ‘जाळीदार आठवणी’ निसटून सीटखाली गेल्या आणि ‘खमंग वारसा’ नारळाला जाऊन चिकटला. नणंद प्रत्येक खड्ड्याला कळवळत होती.

त्यांच्या दिवाणखान्यात ताटं मांडली. विहीणबाई एकेक उचलून बघत होत्या. हिंदीमुळे त्यांना देवनागरी वाचता येते, ही गोष्ट आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हती. करंजीचा डबा त्यांनी डोळ्यांजवळ धरला, अक्षरं जुळवली, पण चंद्रकोरीपाशी अडल्या. नणंदेने हिंदीत समजावायला घेतलं. चंद्र, मग त्याचा अर्धा भाग, मग त्यात दडलेली मिठास. विहीणबाई शिक्षिकेच्या सवयीने शेवटपर्यंत ऐकून घेत होत्या, पण त्यांना काही उमगलं असं दिसलं नाही. मग त्यांनी कोकमाची बाटली उचलली. हळूहळू मोठ्याने वाचलं, “थंड पाण्यात… खावे.” आणि थांबून माझ्या मुलीकडे बघितलं. मुलगी डोक्यावर पदर घेऊन उभी होती, तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

“खाबो,” विहीणबाई म्हणाल्या. “निश्चय खाबो.” आणि बर्फ आणायला त्या स्वतः आत गेल्या.

सगळ्यांनी तिथेच उभ्याने सरबत प्यालं, म्हणजे खाल्लं. नणंदेचाही पेला रिकामा झाला. मी तिच्याकडे मुद्दाम बघितलं नाही. बघितलं असतं तर मला हसू आवरलं नसतं, आणि विहिणीच्या घरी ते बरं दिसलं नसतं. पंगत बसायच्या आत ताटांवरचा सगळा कागद, फिती, मोर आणि कमळं फाडून एका पोत्यात भरली गेली. त्यांच्याकडची मुलं आठवडाभराचं प्रेझेंटेशन पायाने दाबून बसवत होती.

नणंद पुण्याला परतली. कुटुंबाच्या ग्रुपवर तिने ताटांचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं की लेबलांना तिकडे फार दाद मिळाली. मी वाचून फोन बाजूला ठेवला.

काही दिवसांनी मुलगी आणि जावई जेवायला आले. विहीणबाईंनी आमचे स्टीलचे डबे रिकामे पाठवले नव्हते. एकात संदेश नावाची मिठाई होती, एकात कटलेटसारखे तळलेले चॉप. मुलीने आल्याआल्या डबे ओट्यावर ठेवले आणि जेवण होताच दोघं घाईत निघून गेली. संध्याकाळी नवऱ्याने चॉप केळफुलाचे समजून चहाबरोबर घेतले. केळफुलाला इथे मोचा म्हणतात, आणि त्याचे चॉप नवऱ्याला अतिशय आवडतात. दोन झाल्यावर तो म्हणाला की हावड्याच्या केळफुलाची चव काही निराळीच आहे. मला शंका आली. मुलीला फोन करून विचारलं.

“मोचा नाही गं आई, माछ,” ती म्हणाली. “सांगायचं राहिलं. बाबांनी खाल्ले नाहीत ना?”

मी नवऱ्याला खरं ते सांगितलं. तो उठून चूळ भरून आला. म्हणाला, “तरी म्हटलं, केळफुलाला काटा कसा.”

डब्यावर चार अक्षरं असती तर हे झालं नसतं, हे मलाही दिसतं. नणंदेला मात्र यातलं काही कळवलेलं नाही, आणि नवऱ्यालाही तशी सक्त ताकीद दिली आहे.