अडवणारा टाइट एंड
स्कोफिल्ड्सच्या नव्या घरात खोकी उघडताना जुना राउटर हाती लागला आणि लॉकडाउनमधला हॅरिस पार्कचा फ्लॅट आठवला. माझी नोकरी नुकतीच गेली होती. रूममेटला अमेरिकन फुटबॉलचं भारी वेड. तिकडची रविवारची मॅच आमच्याकडे सोमवारी सकाळी टीव्हीवर, याच राउटरच्या नेटवरून लागायची. टाइट एंडच्या जागेवर दोन तऱ्हेचे खेळाडू असतात, हे त्यानेच शिकवलं. एक पळत जाऊन बॉल झेलतो, दुसरा समोरच्या धिप्पाड गड्यांना अंगावर घेऊन अडवतो. मी झेलणाऱ्यावर फिदा. तो वैतागायचा, "अरे, बॉल सोड, त्या अडवणाऱ्याकडे बघ. त्याचं कुणी नावसुद्धा घेत नाही, पण तो नसेल तर हा झेलणार काय, कपाळ?" एका सोमवारी त्याच्या लाडक्या टीमची अटीतटीची मॅच होती आणि नेमका तेव्हाच माझा व्हिडिओ इंटरव्ह्यू. सुरुवातीला स्क्रीनवर माझा चेहरा तीनदा अडकला, मग एकदम सुरळीत झालं. तासाभराने मी उड्या मारत बाहेर आलो, "भारी झाला रे!" त्याने घट्ट मिठी मारली. "आणि तुमचं? कोण जिंकलं?" मी विचारलं. "माहीत नाही रे. तुझा आवाज तुटत होता, म्हणून बंद केली." टीव्ही काळाठिक्कर होता. ती नोकरी मिळाली, तिच्यावरच हे घर झालं. बायको म्हणाली, "हा डबडा राउटर टाकू ना?" मी तो पुसून टीव्हीशेजारी ठेवला.